वान्यूच्या गाण्याची पट्टी

वान्यूच्या प्रत्येक गाण्यात मी तिला सोडून जातो. माझं काम तेवढंच. बुदाय बंदराच्या धक्क्यावरून, नाहीतर मिठागरांच्या बांधावरून, कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत सुटायचं आणि एकदाही मागे वळायचं नाही. उन्हाने डांबर पातळ झालं तरी अंगात तेच तपकिरी जाकीट, कारण जुन्या कॅराओके टेपांमधले पुरुष जाकीट घालूनच सोडून जायचे. एरवी मी स्कूटर दुरुस्त करतो. माझं नाव आ-ह्वे, म्हणजे अग्नी. ज्योतिषाने पत्रिकेत अग्नी कमी सांगितला म्हणून आजोबांनी तो नावात घातला, आणि तिथून तो जिभेवर उतरला असं लोक म्हणतात. इंटरनेटवर वान्यूची गाणी बघणारे गाण्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त लिहितात. 'हे काका कमरेत मोडल्यासारखे का चालतात?' मोडल्यासारखे! जन्मभर स्कूटरींपुढे वाकून बघा म्हणावं, मग बोला.

वान्यूची आई ग्वेथो माझ्या गॅरेजला लागूनच गाण्याचं दुकान चालवते. चार टेबलं, एक मोठा पडदा, दोन माइक. दुपार झाली की म्हातारे येतात, चहा पितात, शेंगा फोडतात आणि आळीपाळीने रडकी गाणी म्हणतात. वान्यू त्या टेबलांखाली रांगली. मोठी झाल्यावर तैपेईला गेली, दुसऱ्यांच्या जाहिरातींना संगीत देत राहिली आणि एक दिवस बॅग उचलून परत आली. "आता स्वतःची गाणी करणार," म्हणाली.

"कर की," ग्वेथो म्हणाली. "आधी ही कालवं सोल."

पोरीची गाणं करायची तऱ्हा मी जवळून बघितली आहे. चाल तिला स्कूटरवर सुचते, हेल्मेटच्या आत. धाडकन गॅरेजमध्ये शिरते, हेल्मेट काढते, "काका, एक मिनिट गप्प!" म्हणते आणि फोनमध्ये गुणगुणते. मग ती चाल घेऊन आईशेजारी कालवं सोलायला बसते आणि मुद्दाम काही न सांगता गुणगुणत राहते. थोड्या वेळाने ग्वेथोही नकळत तेच गुणगुणायला लागते. वान्यूचे कान तेव्हा सशासारखे उभे असतात. आई जिथे अडखळली तिथे चूक गाण्याची, असा तिचा हिशोब. जागा दुरुस्त करून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. गाणं जमलं की घरातलं कपाट उघडायचं, रजयांमध्ये माइक ठेवायचा, आपलं डोकंही आत घालायचं आणि गायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी रुसली आहे.

सगळ्यात शेवटी व्हिडिओ. तो अगदी जुन्या टेपांसारखा: समुद्र, वारा, एक बाई (वान्यू स्वतःच), पाठमोरा मी, आणि खाली गाण्याचे शब्द. गाणं पुढे सरकतं तसा शब्दांवर रंग चढत जातो, म्हणजे म्हणणाऱ्याला कुठे आहोत ते कळतं. तो रंग ती एकेका अक्षराला हाताने चढवते. श्वास घ्यायला जागा राहिली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. "लोकांनी नुसतं बघायचं नाही, म्हणायचं," ती सांगते. गाणं तयार झालं की आईच्या दुकानातल्या मशीनमध्ये भरते, आणि पहिल्यांदा ते ग्वेथो म्हणते. ग्वेथोचा आवाज म्हणजे काय सांगू? उंच, पातळ, आणि वरच्या सुरावर गेला की माझ्या हातातला पाना थांबायचा.

एकच गोष्ट पोरगी कुणाला करू देत नसे. मशीनच्या रिमोटवर पट्टी खाली-वर करायची बटणं असतात. ज्याचा गळा जसा, तसं गाणं उतरवून घ्यावं, सगळे घेतात. कालवांचा धंदा करणारे ख्यू काका, आवाज बोटीच्या इंजिनासारखा. त्यांनी एकदा वान्यूचं गाणं लावलं आणि सवयीने बटण दाबत दाबत पार खाली नेलं. वान्यूने स्वयंपाकघरातून येऊन रिमोट हिसकावला.

"हे गाणं ह्याच पट्टीत आहे. म्हणता येत नसेल तर दुसरं म्हणा!"

"अगं, तुझ्या पट्टीत गायला गेलो तर माझी आतडी बाहेर येतील!"

"येऊ देत!"

ख्यू काका दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवीभर कालवं घेऊन आले आणि वान्यूची गाणी सोडून सगळी गाणी म्हणाले. मी पोरीला म्हटलं, "फार नाकावर राग आहे तुझ्या. पट्टी उतरवल्याने गाणं झिजतं का?" ती म्हणाली, "काका, माझी सगळी गाणी आईच्या गळ्याच्या मापाची शिवलेली आहेत. उतरवली की ती तिची राहत नाहीत."

मग ग्वेथोच्या गळ्याला गाठ आली.

आधी ती रुमाल बांधायला लागली. ऐन उन्हाळ्यात रुमाल! मी चेष्टा केली, "काय, माझ्यासारखं सिनेमात जायचंय?" तिने रुमाल सोडून गाठ दाखवली. वान्यू तिला च्याई शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, जिवाला बहुतेक धोका नाही. पण आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते. धक्का लागला तर आवाज बदलेल, बसेल, कदाचित वरचा जाईल. आधी सांगता येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीचा जीव टांगणीला लागला. ग्वेथो मला घेऊन माझू ह्या समुद्रदेवीच्या देवळात गेली. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात धरून बराच वेळ पुटपुटली आणि खाली टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवीचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसली, उत्तर दिलं नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली.

"काय मागितलंस एवढं?" मी विचारलं.

"आवाज."

"अगं बाई, जीव माग की आधी!"

"जिवाचं डॉक्टर बघतो म्हणालाय," ती म्हणाली आणि चंद्रकोरी उचलून जागेवर ठेवल्या. तिसऱ्यांदा टाकायचा धीर तिला झाला नाही. मलाही.

इकडे वान्यूने वेगळंच डोक्यात घेतलं. ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज भरून ठेवायचा. रजयांचं कपाट उघडलं, माइक लावला. ग्वेथो दारातच थांबली.

"हे कशाला?"

"एक गाणं म्हण. कुठलंही."

"अच्छा. म्हातारी माणसं मरणाआधी फोटो काढून घेतात तसा माझा आवाज काढून ठेवतेस का?"

"आई, तसं नाही गं..."

"तसंच आहे. मी परत येणार आहे. गाणं करायचं तर मी परत आल्यावर म्हणायचं कर. बंद कर ते कपाट."

वान्यू माझ्या गॅरेजमध्ये येऊन उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार? रडून झाल्यावर म्हणाली, "ठीक आहे. दोघींचं गाणं करते. माझ्या ओळी निळ्या, तिच्या लाल. लाल ओळी मोकळ्या ठेवते."

ते गाणं काही केल्या होईना. हेल्मेटमध्ये सुचेना, कपाटात जमेना. आईशेजारी बसून गुणगुणायला लागली तर ग्वेथो गप्प. गळा जपायला सांगितलेलं. मग चूक शोधायची कशी? पोरगी तीच ओळ दहा प्रकारे करायची आणि दहाही खोडायची. चाल शेवटी बसली, पण पट्टी तीच, आईची जुनी, वरची. मला राहवलं नाही.

"वान्यू, जरा खाली घे. कोण जाणे, नंतर..."

"नंतर काय?" ती ताडकन उठली. "बोला ना, नंतर काय? खाली घेतलं म्हणजे मी आत्ताच मान्य केलं ना!"

मी पाना उचलला आणि जी स्कूटर बिघडलीच नव्हती ती उघडली.

व्हिडिओसाठी आम्ही मिठागरांवर गेलो. ह्या वेळी वान्यूच्या जागी ग्वेथो, निळा झगा, गळ्याला रुमाल. मी सवयीने जाकीट चढवलं आणि पाठ करून उभा राहिलो.

"काका, तोंड इकडे करा," वान्यू लांबून ओरडली. "ह्या गाण्यात तुम्ही परत येता."

परत कसं यायचं हे मला कळेना. जायची सवय. तीनदा बांधावरून घसरलो, ग्वेथो पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. ठसका थांबेना. वान्यूच्या हातातला कॅमेरा खाली आला. आम्ही दोघं नुसते तिच्याकडे बघत उभे राहिलो. शेवटी ग्वेथोने घसा साफ केला आणि म्हणाली, "बघता काय? ऊन उतरतंय, चालायला लागा."

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर वान्यू मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. लाल ओळींना रंग चढवत होती. एक ओळ भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. आईचा श्वास कुठे पडेल ते तिला नेहमी ठाऊक असायचं, त्या दिवशी आठवेना. मी आणलेले बांबूच्या पानात गुंडाळलेल्या भाताचे डबे पिशवीतच गार झाले. दार उघडलं आणि परिचारिकेने नाव पुकारलं तेव्हा मीच पुढे गेलो. जीव वाचला होता. गाठ निघाली होती, वाईट नव्हती. आवाजाचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, थांबून बघू.

आम्ही थांबलो. ग्वेथो घरी आली, पण बोलली तर वाऱ्यासारखं काहीतरी यायचं. मग ती हातवारेच करायला लागली. रागवायची तेही हाताने. आयुष्यभर तिच्या तोंडाला घाबरलो, आता तिच्या गप्प बसण्याला घाबरायला लागलो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगून टाकलं की खालचा आवाज हळूहळू येईल, वरच्याची आशा धरू नका. वान्यूने ते गाणं मशीनमध्ये भरून ठेवलं होतं, पण लावायचं नाव काढत नव्हती. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "काका, मी ते पुसून टाकणार आहे."

दुकान पुन्हा उघडलं त्या दुपारी सगळे आले. ख्यू काका नवा शर्ट घालून आले. कुणी माइकला हात लावेना, ग्वेथोसमोर गायचं कसं? तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं, रिमोट उचलला आणि तेच गाणं लावलं.

"आई, नको," वान्यू म्हणाली. ग्वेथोने तिच्या हातात दुसरा माइक कोंबला.

पडद्यावर मिठागरं आली. पहिल्या ओळी निळ्या. वान्यूने म्हटल्या. मग लाल ओळ आली, अक्षरांवर रंग चढायला लागला, ग्वेथोने तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. रंग पुढे सरकत गेला, ओळ भरली, रिकामीच. पुढच्या लाल ओळीला मागच्या टेबलावरून एकीने हळूच सूर धरला, दुसऱ्याने साथ दिली. ग्वेथोने हात वर केला. साथ थांबली. तिने पुन्हा प्रयत्न केला, वर चढायला गेली आणि आवाज फाटला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वान्यूने माइक टेबलावर ठेवला. बंद करणार, मला वाटलं, आणि बरंच झालं असंही वाटलं. तिने आईच्या हातातून रिमोट घेतला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग पट्टी खाली करायचं बटण दाबलं. एकदा. मान खाली घालून अजून एकदा. वाद्यं जड होत गेली. दर वेळी ती आईकडे बघायची, आई 'अजून खाली' म्हणून मान हलवायची, आणि ती पुन्हा दाबायची. शेवटी गाणं त्या पट्टीत आलं जिथे ख्यू काकांनी मागे तिचं दुसरं गाणं नेलं होतं. ख्यू काकांनी चहाच्या कपात डोळे घातले होते.

निळी ओळ आली. वान्यू गायला लागली, पण इतकं खाली तिला उतरता येईना. तिच्या तोंडातून नुसती हवा आली.

आणि त्याच निळ्या ओळीवर दुसराच आवाज उमटला. घोगरा, जाड, ओळखू न येणारा, पण सुरात. ग्वेथो गात होती. निळी ओळ तिने भरली, मग लालही भरली. श्वासाची जागा चुकली नाही. वान्यू तिच्याकडे बघत राहिली, ओठ हलवत, आवाजाशिवाय. नंतर तेही थांबवलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पडद्यावर मी जाकीट घालून परत येत होतो. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.