टोपी एकाची, टाकी दुसऱ्याची

जुन्या गॅसबत्त्यांचं वेड मला कुठून लागलं, ते विचारू नका. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा साड्यांचं होतं, ते गेलं. आता बत्त्यांचं आहे. भंगारवाल्याच्या गाडीवर पितळेची टाकी दिसली, की मी भर रस्त्यात ऑटो थांबवते. नवरा म्हणतो, "तुले घर नाई, गोदाम पायजे होतं." म्हणू दे. बत्ती हातात घेऊन तिचं वय सांगण्यात काय मजा आहे, हे त्याला टीव्हीसमोर बसून कळणार नाही.

वय टोपीवरून ठरवायचं नसतं, हे मी दोनतीनदा फसून शिकले. टोपी, काच, आतली मेंटलची जाळी, हे सगळं बदलत जातं. खरी बत्ती म्हणजे खालची टाकी. पितळ जाड की पातळ, बुडाला कोणत्या देशाचा शिक्का, पंप कसा बसवलाय, ते बघायचं. आणि आमच्या भागात तर टोपीवर मुळीच विश्वास ठेवू नये. इथं दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडारीचा नाच रंगतो. वीज नव्हती तेव्हा उजेडासाठी घरोघरच्या बत्त्या गोळा करत. दुसऱ्या दिवशी सगळ्या एकाच ओट्यावर उघडून पुसायच्या, आणि हाताला येईल ती टोपी समोर येईल त्या टाकीवर ठेवून द्यायची. पेटली म्हणजे झालं!

या एका सवयीपायी आमच्या घरात एवढी वर्षं अन्याय चालला होता.

झालं असं, माझ्या नणंदेनं परसवाड्याला नवं घर बांधलं. हॉलमध्ये टांगायला तिला माळ्यावरची बत्ती हवी होती. न्यायला आली आणि म्हणाली, "बाबाची निशाणी हाय."

"बाबाची नाई," सासूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या, "माह्या बाबाची."

झालं! मामाजी, म्हणजे माझे सासरे, खो खो हसले. हा त्यांचा ठेवणीतला विनोद. घरात एकेकाळी दोन बत्त्या होत्या. एक सासूबाईंच्या वडिलांनी रामपायलीहून आंदणात दिलेली, जुनी. दुसरी मामाजींनी लग्नानंतर गोंदियाहून आणलेली, कोरी. मामाजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या सासऱ्याची बत्ती बिनकामाची निघाली, म्हणून त्यांनी ती भंगारात टाकली. जन्मभर घराला उजेड दिला तो त्यांच्या बत्तीनं. पुरावा? टोपीवर ठिपक्यांनी कोरलेलं मामाजींचं नाव. भांड्यावर ज्याचं नाव त्याचं भांडं, आमच्याकडे यावर अपील नाही. कोणी पाहुणा आला की मामाजी सांगणार, "इच्या बाबानं मले भंगार देल्लं जी!" सगळे हसत. सासूबाईही हसत. पण मी त्यांच्या शेजारी उभी राहून स्वयंपाक करते. हसून झाल्यावर त्यांचं तोंड कसं उतरायचं, ते मीच बघत आले होते.

त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "आणा ती बत्ती इकडं," मी म्हटलं.

टोपी काढून बाजूला ठेवली. टाकीला मामाजींनी कधीतरी चंदेरी रंग फासला होता. अहो, पितळेला कोणी रंग लावतं का! टर्पेंटाइन घेऊन बूड घासत बसले. हळूहळू अक्षरं वर आली. जर्मनीचा शिक्का.

"मामाजी, तुमची बत्ती देशी होती ना?"

"देशी म्हंजे देशी! अन् कोरी. डब्यातून माह्या हातानं काढली."

"मग टोपी तुमची आहे, पातळ पत्र्याची. टाकी जर्मन आहे, तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची. मंडईनंतर कोणीतरी टोप्यांची अदलाबदल केली. आणि तुम्ही नाव बघून ही ठेवली. भंगारात गेली ती तुमची कोरी टाकी!"

"अरे बाप्पा!" मामाजी खाटेवर उठूनच बसले.

नणंद मात्र हुशार. "पण भाभी, मंग ही टाकी गावातल्या कोणाची बी असन. आजोबाचीच काहून?"

तिचं बरोबर होतं. शिक्का वय सांगतो, मालक सांगत नाही. सासूबाईंना उगाच आशा लावली म्हणून मला अगदी रडू यायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "पंपाच्या खाली पाह्य. तांब्याचं ठिगळ असन, चिंचोक्याएवढं. लहानपणी माह्या हातून पडली होती, तवा बाबानं डागून आणली."

मी घासलं. चंदेरी रंग निघाला, मग पिवळं पितळ, आणि त्यात लालसर तांबं. चिंचोक्याएवढं! मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली.

"आई, हे आधी काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"कोणी विचारलं? टोपीवरचं नाव दाखवून सारे मले चूप करत."

मामाजींनी टाकी मांडीवर घेतली. अंगठ्यानं ते ठिगळ चाचपत राहिले. सासूबाईच नणंदेला म्हणाल्या, "ने तू. चांगली टांग."

परसवाड्याच्या वास्तूला आम्ही सगळे गेलो. टाकी मी लख्ख घासली होती, नवं मेंटल बांधलं होतं. संध्याकाळी पंप मारून बत्ती पेटवली आणि हॉलमधले सगळे बल्ब बंद केले. काय उजेड पडला हो! तो सूं-सूं आवाज ऐकून म्हातारी माणसं खुशीत आली. पुरुषांच्या पंगतीतून कोणीतरी विचारलं, "बत्ती तुमची का जी?"

मामाजींनी घास खाली ठेवला. "नाई. माह्या सासऱ्याची हाय. आंदणातली."

"अन् तुमची?"

"माही मीच भंगारात इकली."

अख्खी पंगत हसली. बायकांच्या बाजूला मी सासूबाईंकडे बघितलं. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. त्यांनी पदर सावरला आणि भरल्या हॉलमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याला मोठ्यानं सुनावलं,

"जरा जोरानं सांगा जी! इकडं आयकू नाई आलं."