हितं लागतंय

“हितं लागतंय.”

एवढं म्हणून मावशी उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर तर्जनी दाबायची आणि समोरच्याकडं अशी बघायची, की जणू तो बूट त्यानंच शिवलाय. दुकानातली मुलगी असो, तिचा स्वतःचा मुलगा असो नाहीतर मी असो, आम्ही सगळे सारखेच गुन्हेगार. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच. कुठं दुखतंय ते तिला ठाऊक असतं, इलाज ठाऊक असतो, आणि तो इलाज ती मेली तरी करणार नसते.

मी नांदेडची. आता परत नांदेडलाच आलेय, पण नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जर्मनीतल्या एका लहानशा गावात काढली. तिथं आमच्या वरच्या मजल्यावर अहमदपूरकडचं जोडपं राहायला आलं, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! परमुलखात शेजारच्या जिल्ह्यातला माणूस भेटला की सख्खा चुलता भेटल्यासारखं होतं. पुढं त्यातल्या मुलीला दिवस गेले. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासू आली. तीच ही मावशी. गावाकडं शेत, थोरला मुलगा, थोरली सून आणि दम्यानं बेजार झालेला नवरा, एवढं सगळं मागं ठेवून बाई विमानात बसली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी. इरकली लुगडं, वर मुलाचं जाकीट, पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर प्लॅस्टिकची चप्पल.

“तूच का गं ती नांदेडची?”

“हो मावशी. या ना, चहाच करून राहिले.”

“करून राहिले!” ती खळखळून हसली. “बराबर, नांदेडचीच हायीस. आमी करायलाव म्हनतो बाई. तुमी करून करून ऱ्हाता आन् तवर आमचा चहा पिऊन व्हतोय.”

मावशी आता नाही, म्हणून मी असं मोकळेपणानं लिहितेय. असती तर म्हणाली असती, माज्या पायाचं काय लिहितीस गं, काय तरी चांगलं लिही की. पण मला ती आठवते ती पायांपासूनच.

पंजा पसरलेला, टाचांना भेगा. जन्मभर काळ्या रानात चाललेले पाय ते. आणि दोन्ही पायांत जाडजूड चांदीची जोडवी, लग्नात घातलेली आणि त्यानंतर एकदाही न उतरवलेली. बोटं त्यांच्या खालीवर फुगून आली होती. आपल्याकडं चप्पल उघडी असते, तिथं जोडव्यांचं काही अडत नाही. बंद बुटात मात्र ते चांदीचे वेढे शेजारच्या बोटात रुततात. मोजे-चपलेवर तिनं कसाबसा पावसाळी महिना काढला. मग थंडी आली, आणि तिकडची थंडी म्हणजे काही आपल्या माघातली नव्हे.

बाळ झालं होतं. त्याला गाडीत घालून रोज हवेवर न्यावं, असं तिथली डॉक्टरीण सांगून गेली. मावशीला तर तेच पाहिजे होतं. “चालल्याबिगर माज्या पोटातलं अन्न हालत न्हाई,” म्हणायची. तेव्हा बूट घ्यायचे ठरले आणि मोडकीतोडकी का होईना जर्मन येते म्हणून मला सोबत घेतलं.

पहिल्या दुकानात सोनेरी केसांची एक मुलगी मावशीपुढं गुडघ्यावर बसली आणि तिनं माप घ्यायला तिचा पाय हातात धरला. मावशीनं पाय झटकन मागं घेतला.

“अगं बया! पाया पडायलीय की ही!”

आणि मी काही सांगायच्या आत त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिनं आशीर्वाद दिला, “सुकी ऱ्हा माय. चांगला दादला मिळू दे तुला.” ती पोर तशीच बसून राहिली. उठावं की बसावं, तिला कळेना.

मग बूट चढवले. पोरीनं बोटांवर दाबून बघितलं, तर आत काहीतरी टणक. तिचा चेहरा बदलला. मी सांगितलं, अंगठी आहे, लग्नाची. तिनं स्वतःच्या बोटातून अंगठी उतरवल्याची खूण केली आणि सहज विचारलं, मग काढत का नाहीत? मी ते मराठीत सांगितलंच नाही. पण खूण मावशीला कळली.

“तिला सांग, माजा मालक जिता हाय.”

मी जर्मनमध्ये सांगितलं, यांचे पती जिवंत आहेत. पोरगी क्षणभर गोंधळली आणि मग मोठ्या अदबीनं म्हणाली, “छान.” मला हसू आवरेना. मावशी नाही हसली.

त्यानंतर दुकानांमागून दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी नवा जोडा, दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं, आणि बोटावर तर्जनी. “हितं लागतंय.” एकदा मी तिला पुरुषांच्या बुटांकडं नेलं. रुंदीला बसला, पण पाय आत होडीसारखा हलायला लागला. “गड्याचा जोडा घालून हिंडू व्हय मी?” म्हणून तिनं तोही ठेवला. येताना बसमध्ये म्हणाली, “मालक बाजारला निगाले की जवारीचं धाट माज्या पायाएवढं मोडून खिशात घालायचे. त्येवढ्या मापावर चप्पल आनायचे, बराब्बर बसायची. आन् हितं येवढी मोठाली दुकानं असून एक जोडा बसंना.” मी म्हटलं, मावशी, धाटाला जोडवी नसतात. तिनं मला कोपरानं ढोसलं.

मालकांचा फोन रोज यायचा. फोन ते नाकाला लावून धरायचे, त्यामुळं आम्हाला निम्मी मिशी आणि एक डोळा दिसायचा.

“मिळाला का जोडा?”

“न्हाई.”

“मग काढ की त्ये बोटातलं. त्येनं काय मी मरायलोय व्हय?”

आणि ते हसायचे. हसण्याचा खोकला व्हायचा आणि खोकला थांबता थांबायचा नाही. फोनमध्ये नुसतं छत दिसत राहायचं. “शुभ बोलावं मानसानं,” मावशी पुटपुटायची, आणि फोन बंद झाला की लुगड्याचा काठ ओढून बोटं झाकायची. मला ते बघवत नसे.

मग व्हायचं ते झालंच. एक दिवस कुणाला न सांगता ती मुलाचे बूट घालून बाळाला बाहेर घेऊन गेली. दारातल्याच उतारावर बर्फ गोठून काच झालेलं. मावशी आडवी झाली आणि बाळाची गाडी घरंगळत जाऊन कुंपणाला थडकली. देवाची दया, बाळाला ओरखडासुद्धा आला नाही. मावशीचं मनगट सुजलं. मुलगा घरी आला आणि त्याचा तोल गेला. त्याचा आवाज आम्हाला खाली ऐकू येत होता.

“काढ ती जोडवी, आई! इथं कोण बघतंय तुला?”

“कुनी बगावं म्हनून घालतेत व्हय ती?”

“बाळ मेलं असतं आज!”

थोड्या वेळानं वर मोरीत पाणी वाजलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली, चहाला हात लावला नाही. “लेकराचं खरं हाय,” म्हणाली. “म्हून काल बसले मोरीत साबन घिऊन. येक जोडवं अर्ध्यावर आलं बग. आन् तवाच फोन वाजला. थोरल्याचा. मालकाला लातूरला दवाखान्यात न्यायलाव म्हनून.” तिनं माझा हात धरला. तिचे हात गार होते. “म्या तसंच मागं सारलं. म्हून वाचले गं त्ये.”

आणि ते वाचले. आठवड्यात घरी आले, पुन्हा फोनमध्ये मिशी दिसायला लागली. आता अशा बाईला तुम्ही काय समजावणार? मी बारावीला विज्ञान घेतलेलं. पण खरं सांगते, मलाही वाटलं, कशाला काढा!

मुलानंही मग नाद सोडला. पोटचा पोर तो, त्यालाही वाईट वाटलं असणार. त्यानं पुठ्ठ्यावर तिचा पाय ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला आणि कुठल्याशा लांबच्या दुकानातून रुंद पंजाचे बूट मागवले. मऊ कातडं, आतून लोकर. मावशीनं घातले, दोन पावलं पुढं गेली, दोन मागं आली. आम्ही सगळे श्वास रोखून.

“टाचंला ब्येस हाय. चवड्याला ब्येस हाय.” मग बोट खाली गेलंच. “हितंच जरा लागतंय.”

बूट दारातल्या फळीवर गेले. परत पाठवू दिले नाहीत तिनं. रोज फडक्यानं पुसायची आणि परत ठेवायची. तो अख्खा हिवाळा तिनं खिडकीत काढला. “दावणीचं जनावर झालंय माजं,” म्हणायची. कधी बाळाला खांद्यावर टाकून जिन्यातच खालीवर करायची. दोन मजले चढायची, दोन उतरायची, अनवाणी.

आणि एका सकाळी तिच्या मुलानं आमचं दार वाजवलं. चेहऱ्यावरूनच कळलं.

“ताई, बाबा गेले. पहाटे, लातूरच्या दवाखान्यात. आईला फक्त सिरीयस आहेत एवढंच सांगितलंय. हैदराबादपर्यंत विमान, तिथून पुढं उदगीरवरून गाडीनं. एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. तुम्ही काही बोलू नका.”

आपण सगळे हेच करतो. खोटं बोलून माणसाला घरापर्यंत न्यायचं, आणि दारातली गर्दी त्याला खरं सांगते. मी मान हलवली आणि वर जाऊन सुनेच्या हातातून बाळ घेतलं. माती तर आजच होणार होती. थोरला तिथं होता, यांच्यासाठी कोण थांबणार? मावशीला तोंडसुद्धा दिसणार नव्हतं, आणि हे तिच्याखेरीज घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

ती दाराजवळच्या स्टुलावर तयार होऊन बसली होती. बाहेर रात्रभर बर्फ पडलेलं, टॅक्सी रस्त्यावर थांबलेली. मुलगा फळीवरचे बूट घेऊन तिच्यापुढं खाली बसला. बूट नेहमीच्या जागी अडला. आता तो ओरडणार, असं मला वाटलं.

“राहू दे आई,” तो अगदी हळू म्हणाला. “जोडव्यांसकट घाल. मी नाडी सैल बांधतो. नाहीतर चप्पलच घाल, मी धरून नेतो टॅक्सीपर्यंत.”

मावशी त्याच्याकडं बघत राहिली.

“इतके दिस काढ काढ म्हनून डोस्कं खाल्लंस. आज ऱ्हाऊ दे म्हनायलास?”

त्यानं मान वर केली नाही. सून भिंतीकडं वळली.

“साबन आन गं,” मावशी सुनेला म्हणाली. “आन् वाटीत पानी.” मग माझ्याकडं वळली. “तू लेकराला घिऊन आत जा, बाय. आहेव हायीस तू. तू बगू नगंस.”

मी स्वयंपाकघरात गेले. दार ओढायला हात मोकळा नव्हता. पाण्याचा आवाज आला, तिचा श्वास ऐकू आला. बराच वेळ काहीच नाही. मग स्टीलच्या वाटीत एक जोडवं वाजलं. पुन्हा बराच वेळ. मग दुसरं.

“बाकीचं तितं गेल्यावर बाया करतील,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, कुणाकडं तक्रार करावी तसं, “म्या काढली नव्हती रे. अर्ध्यावर आनली व्हती, पर मागं सारली. तरी गेलं मानूस.”

मुलगा हुंदके द्यायला लागला. मी बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडले.

बाहेर आले तेव्हा जोडवी तिच्या पदराच्या गाठीत गेली होती. उघड्या बोटांवर पांढरेफटक खोल वळ दिसत होते. तिनं मोजे चढवले, आपल्या हातानं एक बूट घातला, मग दुसरा. मुलानं नाड्या बांधल्या. ती उठली आणि सवयीनं दोन पावलं पुढं गेली, दोन मागं आली. मीही सवयीनं तिच्या तर्जनीकडं बघत उभी राहिले.

“कुटंच लागंना आता,” मावशी म्हणाली, आणि दार उघडून बर्फात उतरली.