ओव्याचा डबा

पुऱ्यांच्या पिठात टाकायला तळहातावर ओवा चोळला की मला दुष्काळातली ती दुपार आठवते. एचआयव्हीच्या फुकट गोळ्या तेव्हा औरंगाबादला नुकत्याच मिळायला लागल्या होत्या, आणि त्या देणाऱ्या केंद्रात मी समुपदेशक होते. पैठणकडची एक तरुण विधवा दर महिन्याला एसटीनं यायची. बाटली वाजते, सासरी कळेल म्हणून गोळ्या ओव्याच्या डब्यात लपवते, असं तिनंच मला सांगितलं होतं. त्या दुपारी तिची सासू एकटी आली. "सुनेला बाजाराचं सांगून आले," ती म्हणाली. "डब्यातल्या गोळ्या मला ठाव्या हायेत. ती घाबरती, म्हणून मी सैपाकाचा ओवा दुसरीकडं ठेवलाय, त्यो डबा कुणी उघडाया नगं. येवढंच सांगा, गोळी उपाशीपोटी चालती का? ती समद्यांच्या मागून जेवती, उरलं तर." पेशंटबद्दल घरच्यांशीसुद्धा बोलायचं नाही, हा आमचा नियम. मी म्हणाले, "मावशी, गोळी कुणाचीही असो, पोटात चार घास असलेले बरे." ती उठली. "पोरगा तर गेला. ही राहू द्या." पुढच्या महिन्यात सून आली, जरा भरलेली दिसली. "सासूबाईला काय झालंय देव जाणे," ती म्हणाली, "तव्यावरची पयली भाकर मलाच वाढती." मी बाटली पुढं सरकवली. आता माझी सून विचारते, "आई, तुम्ही आधी जेवायला का नाही बसत?" मी म्हणते, पुरी गरम आहे तोवर खा.