बाबांचं भाषण आणि पंचवटीतली सकाळ

डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं. पण बाबा हट्टाला पेटले. ते निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. नाशिकच्या एका जुन्या चर्चमध्ये त्यांना आपल्या आवडत्या पाळक-कवीवर बोलायचं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चला जुन्या उपासनेकडे वळवणारी जी चळवळ झाली, तिच्यातला हा माणूस. अलीकडे बाबा नावं विसरतात, कधी रस्ताही. मी भीतभीतच त्यांना घेऊन पुण्यात वाकडेवाडीहून एसटी पकडली.

संगमनेरला बस थांबते, तिथे पाय मोकळे करून घ्या. मी उतरले नाही. बाबांची बाही सोडवेना.

मुक्काम शरणपूर रोडला. रविवारी सकाळी पंचवटीत गेलो. गर्दी असते, रिक्षा मालेगाव स्टँडलाच सोडा. काळ्या रश्श्याची झणझणीत मिसळ खाल्ली, मी पैसे द्यायला वळले, आणि मागे बाबा नव्हते.

पाण्याकडे बघायची हिंमत नव्हती, तरी आधी गोदावरीच्या घाटाकडेच धावले. मग गल्ल्या. शेवटी भाजीबाजारात दिसले. मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"तुमचे का हे?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं. "घर विचारलं तर पुणं बी म्हणतात, नाशिक बी."

बाबांनी माझ्याकडे पाहून नम्रपणे विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. क्षणभराने ते म्हणाले, "अगं, कुठे होतीस तू?"

"बाबा, भाषण रद्द करू या."

"आठवतंय तोवर बोलू दे गं."

संध्याकाळी चर्चमध्ये मी पहिल्याच बाकावर बसले. बाबा सांगत होते, "त्याच्या एका प्रवचनाने चळवळीला तोंड फुटलं. पण ती घराघरांत नेली त्याच्या कवितांनी. वर्षातल्या प्रत्येक रविवारसाठी एक कविता. पुढे त्याचा जिवलग मित्र इंग्लंडचं चर्च सोडून रोमन कॅथलिक झाला. आणि हा..."

बाबा थांबले. नुसता पंख्यांचा आवाज. मी बाक घट्ट धरला. त्यांची नजर माझ्यावर आली, तशीच पुढे गेली.

"हा राहिला," ते हळूच म्हणाले. "आपल्या छोट्या गावात, त्याच लोकांचा पाळक म्हणून."

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "नाशिकला कधी निघायचं?"

"जाऊन आलो, बाबा."

"हो? मी बोललो?"

"बोललात. संपेपर्यंत कोणी उठलं नाही."

ते खूश झाले. मी उठून दाराला आतून कडी घातली.