जोंधळ्याचे मोड आणि अर्धा ग्लास बिअर

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे सव्वाबारा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी, बायको आणि वैरागहून आलेला तिचा धाकटा भाऊ, असे तिघे होतो. सहा लिटर बिअरला सहाशे चाळीस रुपये खर्च आला होता. घरी बिअर करायला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, त्यामुळे दाराची बेल वाजली तरी मी दचकत होतो.

खरी चूक मात्र दोन आठवड्यांपूर्वीच झाली होती. बार्लीऐवजी मी जोंधळा घेतला. तो भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले. घरात मटकीला मोड येतात ते पाहून माझी समजूत अशी, की मोड जितके लांब तितके चांगले. चौथ्या दिवशी ते बोटभर झाले, तेव्हा मी ते बायकोला नेऊन दाखवले. मग तो जोंधळा गच्चीत वाळवला आणि मोडांसकट भरडून आणला.

मोठं पातेलं एकच, दहा लिटरचं. पासष्ट अंशांच्या पाण्यात भरड कालवली आणि ऊब टिकावी म्हणून पातेल्याला दोन चादरी गुंडाळल्या. तासाभरानं श्रीखंडाच्या फडक्यातून गाळलं, कडवटपणासाठी कुरिअरनं मागवलेली हॉप्सची फुलं टाकून तासभर उकळलं, निवल्यावर यीस्ट घातलं आणि पाण्याच्या जारमध्ये आंबायला ठेवलं.

आज पहिला ग्लास मेहुण्याला दिला. त्यानं अर्धा एका दमात संपवला.

"दाजी, ताकावानी आंबट हाय की! पर लई वंगाळ न्हाय."

मग त्याची नजर खिडकीतल्या वाटीकडे गेली. नमुना म्हणून मी मूठभर वाळलेले मोड ठेवले होते.

"ह्ये काय?"

"जोंधळ्याचे मोड. ह्याचीच केली."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "मोड काढलं न्हाईत व्हय? दाजी, कवळा जोंधळा खाऊन आमच्या शेजाऱ्याची म्हस तासाभरात गेली. किराळ लागतं म्हनत्यात त्याला. इख असतंय त्यात. मोडात बी त्येच की."

मी तोवर दोन चमचेच चाखले होते. त्याच्या पोटात शंभर मिलिलिटर तरी गेली असेल. बायको भिंतीला टेकून उभी राहिली. "आईला काय सांगू मी?" एवढंच म्हणाली.

मी त्याला स्कूटरवर घेऊन सात रस्त्याकडे निघालो. तिकडे रविवारीही उघडा असणारा दवाखाना माहीत होता. प्रत्येक सिग्नलला विचारत होतो, "डोकं दुखतंय का? गरगरतंय का?"

"तुमच्या इचारन्यानं गरगराय लागलंय. गाडी बघून चालवा."

आंबील प्यायला, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. म्हणजे परवान्याचा प्रश्नच येणार नव्हता. पण डॉक्टरांनी त्याची नाडी धरून "काय प्यायलात?" असं विचारलं आणि तो माझ्याकडे बघू लागला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी सगळं सांगितलं: बिअर, घरी केलेली, परवाना नाही, मोड न काढता, उकळली एक तास.

डॉक्टर परवान्याबद्दल काहीच बोलले नाहीत. "झाकण ठेवून उकळलीत?"

"नाही, उघडी."

"मग मोडातलं सायनाइड बरंचसं वाफेबरोबर उडून गेलं असेल. पण 'असेल' म्हणून मी घरी पाठवत नाही. बसू दे इथं दोन तास."

बसलो. दर दहा मिनिटांनी मी त्याचे श्वास मोजत होतो. दीड तासानं तो म्हणाला, "दाजी, भूक लागली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसू नये म्हणून मी बाहेर जाऊन बायकोला फोन केला. जार मोरीत ओत म्हणालो. तिनं तो कधीच ओतला होता.

दोन तास झाल्यावर डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासलं आणि जाऊ दिलं. मी त्यांना तीनशे रुपये दिले.