जादूगारांचा दुसरा भाग आणि कॅमेऱ्यासमोर धरलेले कागद

सिनेमा सुटला तशी मी घाईने बाहेर आले आणि दाराजवळच्या पोस्टरखाली वही उघडून उभी राहिले. घोडबंदर रोडवरच्या त्या मॉलमध्ये साडी नेसलेली म्हातारी बाई पेन सरसावून उभी, म्हणून रखवालदार जवळ आला. "मॅडम, कसला सर्व्हे आहे का?"

"घरचाच आहे," मी म्हटलं.

पहिला भाग आपण तिघांनी एकत्र पाहिला होता, तू आणि ताई परदेशातून सुट्टीला आला होतात तेव्हा. रंगमंचावर जादूचे प्रयोग करता करता बँकेची तिजोरी साफ करणारे चार जादूगार. त्यानंतर तुम्ही परत जाईपर्यंत आपल्या बाळकुमच्या घरात एकही रुमाल जागेवर सापडला नाही. निघण्याच्या दिवशी आपण करार केला. मी तो लिहिला, तुम्ही सह्या केल्यात. दुसरा भाग आला की आजीने आधी बघायचा, मध्यंतरापर्यंतची गोष्ट आणि लोकांची मतं फोनवर सांगायची, शेवट सांगायचा नाही. तुम्ही खरा चोर ओळखून कागदावर लिहायचा आणि कॅमेऱ्यासमोर धरायचा. मगच थिएटरात जायचं.

डोंबिवलीच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अंगावर घेतलेलं काम अर्धवट करायची मला सवय नाही.

सगळ्यात आधी कॉलेजच्या दोन मुली सापडल्या. "काकू, टोटल बकवास. पहिल्या पार्टमध्ये हाताची सफाई होती, यात सगळं कॉम्प्युटरवर केलंय." दुसरी म्हणाली, "अगं, पण हिरोचा कोट बघितलास ना? कोटासाठी मी परत येईन."

एक गृहस्थ खास डोंबिवलीहून आले होते, त्यामुळे जास्तच चिडले होते. "पहिल्या वेळी ट्रिक कशी केली ते शेवटी दाखवलं होतं. या वेळी नुसतं 'झालं बुवा'! आम्हाला काय मूर्ख समजतात?"

त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "घरात रिमोट सापडत नाही, आणि यांना ट्रिक कळायला हवी."

माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या आपल्या शेजारीणबाई होत्या, त्याच, ज्यांच्या शेतावर आपली इमारत उभी आहे. त्या म्हणाल्या, "बाय, मना त त्यो म्हातारा पयल्यापासनच आवरला नाय. गुरू म्हनं! सोताच्याच पोरांना फसवला."

हे मत मी लिहिलं आणि त्यावर कागद चिकटवून टाकला. चुकून वही तुमच्यासमोर धरली गेली असती तर शेवट फुटला असता.

माझं स्वतःचं मत, दहापैकी पाच. जादूगार आपल्याला फसवतो, पण आपण तिकीट काढून, मजेत फसवून घेतो. त्यात अपमान नसतो. ज्याने चौघांना हात धरून शिकवलं तोच त्यांना पकडून देतो, हे मात्र मला सहन झालं नाही, आणि दिग्दर्शकाने ते दोन विनोदांत उडवून लावलं.

रविवारी सकाळी तुमचा फोन आला. आजोबा चहा घेऊन शेजारी बसले होते. गुडघ्यामुळे त्यांना सिनेमाला येता आलं नव्हतं, त्यामुळे तेही ओळखणाऱ्यांत होते. "आम्ही पुढच्या शनिवारी जाणार, आजी," असं तुम्ही दोघांनी मला सांगितलं होतं. मी वहीतून सांगायला लागले. बर्फाच्या लादीतून मुलगी बाहेर येते, मग कबुतरांचा पिंजरा रिकामा होतो.

"नाही गं आजी, पिंजरा आधी!" तू म्हणालास.

ताईने तुझ्याकडे पाहिलं. "म्हणजे, ट्रेलरमध्ये तसं होतं," ती म्हणाली.

मी वहीत बघितलं. तुझंच बरोबर होतं. बोलता बोलता माझ्या दोन ओळी मागेपुढे झाल्या होत्या.

मग तुम्ही कागद धरलेत. तुझ्या कागदावर होतं 'गुरू'. ताईच्या कागदावर 'गुरू, आणि तिजोरीची किल्ली त्याच्या घड्याळात'. घड्याळाचा उल्लेख मी केलाच नव्हता. ते मध्यंतरानंतर येतं. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात डोकं!"

फोन ठेवल्यावर मी ट्रेलर तीन वेळा बघितला. त्यात ना बर्फ, ना पिंजरा. मग तुमच्या शहरातल्या थिएटरचं वेळापत्रक उघडलं. तिथे हा सिनेमा आमच्या आधीच लागला होता.

शनिवारी तुमचा पुन्हा फोन. "आजी, आमचं बरोबर निघालं! काय शॉक बसला!" तू डोळे मोठे केलेस, ताईने छातीवर हात ठेवला. मी एवढंच म्हटलं, "हो का?"

तुम्ही आधीच बघितलात याचा राग नाही. "आजी, राहवलं नाही," एवढं म्हणाला असतात तर मी तासभर रुसले असते, मग आपण त्या कोटावरून, त्या खोट्या ट्रिकांवरून यथेच्छ भांडलो असतो. मला तेच तर हवं होतं. आता परक्या माणसांची मतं माझ्याकडे आहेत, आणि तुम्हाला तो सिनेमा खरोखर कसा वाटला हे मात्र मला माहीत नाही. दोनदा माझ्यासमोर बसून तुम्ही नाटक केलंत, आणि मी ज्याच्यासाठी पाय दुखेपर्यंत उभी राहिले होते तेच तुम्ही मला दिलं नाहीत.

आजोबा रोज संध्याकाळी खालच्या बाकावर हीच गोष्ट सांगतात. "अर्धी स्टोरी ऐकून चोर ओळखला, घड्याळातल्या किल्लीसकट!" काल त्यांचे मित्र म्हणाले, "अहो, मग सोसायटीतल्या चपला कोण नेतं ते विचारा की नातवंडांना!" सगळे हसले. आजोबा सगळ्यांत मोठ्याने.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. आमच्या सकाळी साडेआठला ते फोनजवळ चहा घेत असतात. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन.