दीड तासात आरे

माझ्याकडे रोज सकाळचा दीड तास होता. साडेसहाला निघायचं आणि आठला घरात. वडील रात्रीच्या गोळीमुळे सव्वाआठपर्यंत झोपत. वरची पंधरा मिनिटं मी राखून ठेवलेली होती. एवढ्या वेळात बॅटरीची सायकल घाटकोपरहून असल्फा, साकीनाका, पवई असं करत आरे कॉलनीच्या जंगलात दोन किलोमीटर आत जाऊन परत येत असे. साध्या सायकलीवर हे जमलं नसतं आणि स्कूटर मला चालवता येत नाही. सायकल घेण्याचं कारण एवढंच. प्रदूषणाबद्दल कौतुकाने विचारणाऱ्यांना मी दुसरं उत्तर देत असे.

निघताना मी बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावत असे. आतलं लाकडी दार नुसतं लोटलेलं असे. कोंडलं असं वाटू नये म्हणून मी ते तसं ठेवते, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

कुलपाला कारण होतं. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर हातपाय महिनाभरात सुधारले, पण दिवस आणि ठिकाणं यांची सांगड सुटली. एका दुपारी मी कामात असताना ते दार उघडून गेले. पाच तासांनी कुर्ल्याच्या टर्मिनसवर सापडले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत पंचा आणि दाढीचं सामान. कोकणात जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले होते. तिकीट नव्हतं. गावातलं घर विकून बरीच वर्षं झाली होती. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणून एका हमालाने फोन केला. त्या संध्याकाळी मी कुलूप आणलं.

बावीस वर्षं मी वृत्तपत्रात होते, आधी बातमीदार, मग डेस्कवर. आता घरूनच एका संकेतस्थळासाठी मजकूर तपासते, दुपारी बारापासून. जुनी सवय राहिली आहे: जे दिसलं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. सायकलच्या हँडलला बांधलेल्या पिशवीत वही असे.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. सहा बेचाळीस, साकीनाका: मेट्रोच्या पुलाखालच्या गल्लीत इडलीवाल्यांच्या तीसेक सायकली एका रांगेत, कॅरियरवर अॅल्युमिनियमची पातेली बांधणं चालू. सहा पंचावन्न, पवई: काचेच्या इमारतीमागे रात्रीचे आणि दिवसाचे रखवालदार एकमेकांना टोप्या देतात, टोप्या कमी आहेत. सात दहा, आरे: बसथांब्याच्या बाकावर चार कोंबड्या, प्रवासी उभे. सात चौदा: गोठ्यात पाइपने म्हशी धुतल्या जातात, एक म्हैस पाणी तोंडावर घेण्यासाठी मान वळवते, रोज तीच. सात सतरा: पाड्यावरच्या एका घराच्या भिंतीला मोटारीचा जुना आरसा बसवलेला आहे; त्यात बघून बाई कुंकू लावते आणि वळणावरून काही येतंय का तेही बघते.

इडलीवाल्यांपैकी एकाशी माझी ओळख झाली होती. हा तमिळनाडूतला, पन्नाशीचा, मराठी नीट बोलणारा. एका चार्जवर किती जाते, असं त्याने पहिल्या दिवशी विचारलं. तीस किलोमीटर, मी म्हटलं.

“माझी पण तीसच जाते, ताई,” तो म्हणाला. “चार इडल्यांवर.”

प्रत्येक नोंदीच्या शेवटी मी एक आकडा लिहीत असे: उरलेली मिनिटं. म्हशीपुढे सेहेचाळीस, आरशापुढे त्रेचाळीस. पाड्याच्या पुढे रस्ता झाडीत शिरून वळतो. ते वळण मला रोज दिसायचं. त्यापलीकडे काय आहे ते वहीत नाही.

आमच्या मजल्यावर दोन घरं. समोरच्या काकू बुलढाण्याकडच्या, पालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरची एक चावी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे, हे माझ्या शाळेपासून चालत आलेलं. आमची चावी त्यांच्याकडे बुद्धमूर्तीच्या फळीखालच्या खिळ्यावर असे. आमच्या इमारतीत अशी चावी कोणी परत मागत नाही. मागितली तर एकतर घर विकलेलं असतं किंवा बोलणं बंद झालेलं असतं.

मी मागितली. सायकलची बॅटरी मी घरात चार्ज करत असे. कुठल्यातरी इमारतीत अशा बॅटरीने पेट घेतल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला आणि काकूंनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. जिना एकच आहे, त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं आहेत, त्यातलं एक मी. यात चुकीचं काही नव्हतं. मी बॅटरीच्या प्रकारांबद्दल बोलले, प्रमाणपत्राचा कागद दाखवला. ठराव माझ्याविरुद्ध झाला: चार्जिंग फक्त खाली वॉचमनच्या केबिनमध्ये. वर आल्यावर मी काकूंच्या दारात उभी राहून म्हटलं, “मग आमची चावी द्या.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या, चावी आणून हातावर ठेवली. त्यांची चावी त्यांनी मागितली नाही. जाळीच्या कुलपाची दुसरी चावीही त्यांनी दिलेल्या जुडग्यात होती.

त्यानंतर सहा आठवडे आम्ही जिन्यात एकमेकींना फक्त वाट देत होतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी केबिनमध्ये बॅटरीचा प्लग निघालेला होता आणि तिथे वॉचमनचा मोबाइल लावलेला होता. सायकलच्या पडद्यावर पाचपैकी तीन काड्या दिसत होत्या. मी हिशेब केला. तीन काड्या म्हणजे अठरा किलोमीटर, जाऊन-येऊन वीस, शेवटचे दोन पायांनी. हिशेब सरासरीचा होता. सरासरीत चढ वेगळा दिसत नाही. एखाद्या शिकाऊ बातमीदाराने असा आकडा आणला असता तर मी परत पाठवला असता.

आरेतून परतताना पवईच्या बाजूच्या चढावर तिसरी काडी गेली आणि पाठोपाठ दुसरी. पडदा काळा झाला. सात एकतीस. बॅटरी गेल्यावर ही सायकल म्हणजे पंचवीस किलो लोखंड. पंधरा मिनिटं मी ती ढकलली. मग एका बसथांब्याच्या खांबाला साखळीने बांधली आणि रिक्षा शोधत चालू लागले. फोन हातात होता. काकूंचा नंबर काढला आणि पडदा बंद केला. वडील झोपलेले असतील, आठ वीसपर्यंत पोचू, असं ठरवलं. रिक्षा मिळायला आणखी वीस मिनिटं गेली.

साकीनाक्याला रिक्षा थांबली. डावीकडे पाण्याचा टँकर, उजवीकडे बस, डोक्यावर मेट्रोचा पूल. पुलावरून गाडी घाटकोपरच्या दिशेने गेली, मग आणखी एक गेली. आम्ही तिथेच. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि अगरबत्तीची राख बोटाने झाडली. उतरून चालत गेलं तर किती वेळ लागेल, असं मी विचारलं. त्याने आरशातून माझे पाय बघितले. पाऊण तास, तो म्हणाला, आणि तोवर हे सुटलेलं असेल.

आठ सव्वीसला काकूंचा फोन आला.

“कुठे आहेस?”

मी सांगितलं.

“ते जाळीपाशी आहेत. कुलूप हलवतायत. दुसरी चावी खाली कुणाकडे आहे का?”

“नाही. दोन्ही माझ्याकडेच आहेत.”

फोनमध्ये मागे जाळीचा आवाज येत होता आणि त्यात वडिलांचा. झटक्यानंतर घाबरले की ते मालवणीत बोलतात. “माका कोंडून खंय गेलंस गो?” असं ते विचारत होते. मला की काकूंना, ते कळत नव्हतं.

“गॅस बंद केला होतास?” काकूंनी विचारलं.

म्हशीची वेळ मी सांगू शकले असते. कोंबड्यांची संख्या सांगू शकले असते. सव्वासहाला चहा केल्यानंतर सिलिंडरच्या रेग्युलेटरला हात लावल्याचं आठवेना. मी तसं सांगितलं.

“वास येत नाहीये,” काकू म्हणाल्या. “आला तर कुलूप तोडायला लावीन. तू ये.” आणि फोन ठेवला.

साकीनाका ते घर मला त्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. त्यातली बावीस रिक्षा उभीच होती. वही पिशवीत होती. काही लिहिलं नाही.

जिना चढून आले तेव्हा कुलूप जागेवर होतं. काकू बाहेर लाकडी पाटावर बसल्या होत्या. जाळीच्या आत, जमिनीवर, मांडी घालून वडील. मध्ये जाळी. काकू पिशवीतल्या मटाराच्या शेंगा मूठमूठ करून गजांतून आत देत होत्या. वडील सोलून दाणे बाहेर काकूंच्या पातेल्यात टाकत होते. आत टरफलांचा ढीग होता. एक दाणा पातेल्याबाहेर पडला तर वडिलांनी काकूंना तो उचलायला लावला. मी कुलूप काढू लागले तसे ते म्हणाले, थांब, एवढं होऊ दे.

मी कुलूप काढलं आणि त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर दुधाचं रिकामं पातेलं ठेवलेलं होतं, खाली बटण पूर्ण फिरवलेलं. जवळ काड्यापेटी आणि तीन विझलेल्या काड्या. रेग्युलेटर बंद होता. मी शेगडीचं बटण बंद केलं, काड्या उचलल्या आणि बाहेर येऊन गॅस बंद होता एवढंच सांगितलं.

काकूंनी पातेलं उचललं. मी जुडग्यातून एक चावी काढायला लागले.

“चावी नको मला,” त्या म्हणाल्या. “कुलूपच लावू नकोस. माझं दार साडेसहापासून उघडंच असतं.”

“ते निघून जातील, काकू.”

“जातील. मी पण जाईन मागे. एवढे पाय आहेत मला अजून.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तेहतीस वर्षं वॉर्डात काढली मी. माणूस बांधून ठेवलं की ओरडतं, आणि मग एक दिवस ओरडत नाही. ते दुसरं वाईट.”

सायकल मी दुपारी टेम्पोतून आणली. पुढचे दोन दिवस बाहेर पडले नाही.

शुक्रवारी सकाळी मी काकूंच्या दारावर टकटक केलं. त्या चहा पीत होत्या. कप घेऊन उंबऱ्यात येऊन बसल्या. जाळीचं दार मी लोटलं आणि कुलूप खिशात घातलं. सायकल पूर्ण चार्ज होती. रस्ता मोकळा होता. असल्फ्याच्या सिग्नलला पोचले, दिवा हिरवा झाला, मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला. मी सायकल वळवली. घरापासून सिग्नलपर्यंत सहा मिनिटं, परत सहा.

पहिल्या मजल्याच्या वळणावर वडील पायरीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर सोडून लावलेली, मांडीवर पिशवी. दोन पायऱ्या वर काकू कप घेऊन बसलेल्या. त्यांनी मला हाताने खूण केली, की असू दे. इथवर आले, मग दमले, त्या म्हणाल्या.

वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी कुठे गेले होते ते विचारलं. सिग्नलपर्यंत, मी म्हटलं. इतक्यात परत कशी आलीस, असं त्यांनी विचारलं, आणि ते उत्तराची खरोखर वाट बघत होते.

त्यांच्या खालच्या पायरीवर मी भिंतीला टेकून बसले. जिना अरुंद आहे. मी तिथे बसल्यावर खाली जायला जागा उरली नाही.